कात्री आणि माया

गेल्या कार्तिक महिन्यातील गोष्ट. सायंकाळची आरती आटोपली होती, प्रसाद वाटून झाला होता आणि मंडळी घरोघर परतण्याच्या बेतात होती. इतक्यात आपल्या कंग्राळीतीलच एक वयोवृद्ध आजी आमच्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही चार बुकं शिकलेली माणसं. एवढं सांगा बघू, वाढत्या जिवाला कात्री लावायची, ह्यात पाप नाही काय?”

आम्ही क्षणभर चपापलो. परंतु चौकशी करता कळले की आजींच्या बोलण्याचा विषय एक साधी कुंडी हा होता. त्यांच्या घरी पुढच्या सोप्यात, खिडकीशी, एक झाड टांगलेले आहे. लांब निमुळती पाने, त्यांवर पांढरे पट्टे, आणि मधून निघून खाली लोंबणारे दोर. प्रत्येक दोराच्या टोकाशी तशाच पानांचे एकेक पिल्लू. रोपवाटिकेत त्यास ‘स्पायडर प्लांट’ म्हणतात. तंतूला लोंबकळणाऱ्या कोळ्यांप्रमाणे ही पिल्ले दिसतात, म्हणून हे नाव. नातीने कात्री आणली आणि म्हणाली, “आज्जी, पिल्लं फार झाल्यात, कापूया.” आजींनी तिच्या हातून कात्री काढून घेतली.

त्या दिवशी आम्ही काहीबाही उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न काही देवळातच राहिला नाही. तो आमच्याबरोबर घरी आला. आमच्या घरीही अशा कुंड्या आहेत आणि कात्रीही आहे. आज पुष्कळ सभासद-कुटुंबांच्या घरी हे झाड दिसते. तेव्हा हा प्रश्न एकट्या आजींचा नाही असे वाटून त्याचा थोडा विचार येथे मांडीत आहो.

हे झाड मूळचे आपल्याकडचे नव्हे. आफ्रिका खंडाच्या उष्ण व दक्षिण भागांतील ते रहिवासी. १७९४ साली थुनबर्ग ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले. तथापि ते आपणांस अगदीच परके आहे असेही म्हणता येत नाही. शास्त्रज्ञ ज्यास क्लोरोफायटम म्हणतात त्या वंशातील त्याची भावंडे आपल्या सह्याद्रीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. पहिल्या पावसानंतर डोंगरउतारावर उगवणारी फोडशीची रानभाजी ही त्याच वंशातली. औषधात वापरली जाणारी सफेद मुसळीही त्यातलीच. इतकेच नव्हे, तर २०१२ साली ह्या वंशातील एका नव्या जातीस अभ्यासकांनी क्लोरोफायटम बेलगॉमेन्से, म्हणजे बेळगावचेच, नाव दिले. खिडकीतील पाहुणा आणि रानातील भाजी अशी एकाच गोताची निघावी, ह्यात आम्हांस मोठी मौज वाटली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. झाडास जीव आहे, हे आपल्या लोकांना कोणी नव्याने शिकविण्याची गरज पडली नाही. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात वनस्पतींना आतली जाणीव असते आणि सुखदुःखही असते, असे सांगितले आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू व भरद्वाज ह्यांचा संवाद आहे. त्यात झाडे पाहतात, ऐकतात, गंध घेतात, असे भृगूंनी युक्तिवादाने प्रतिपादिले आहे. पुढे १९०१ साली जगदीशचंद्र बोस ह्यांनी लंडनमध्ये विद्वानांपुढे प्रयोग करून, आघात झाला असता वनस्पती त्यास प्रतिसाद देते, हे यंत्राने दाखविले. झाडाला आपल्यासारखीच वेदना होते काय, ह्याविषयी आजचे शास्त्र सावधपणे बोलते; कारण आपल्यासारखे मज्जातंतू किंवा मेंदू त्यास नाहीत. परंतु इजा झाल्याचे झाडास कळते आणि त्याप्रमाणे ते आपल्या अंतर्गत व्यवहारात बदल करते, एवढे आता निर्विवाद आहे.

म्हणूनच आपल्या घरांतून काही संयम पाळले जात. रात्री झाडास हात लावू नये, द्वादशीस तुळस तोडू नये, पूजेपुरतीच पाने घ्यावीत, घेताना मनात क्षमा मागावी. कालिदासाच्या शाकुंतलात कण्वमुनी सांगतात की, झाडांना पाणी घातल्याविना शकुंतला स्वतः पाणी पीत नसे, आणि अलंकारांची हौस असूनही ममतेपोटी त्यांचा कोवळा पालाही ती तोडीत नसे. हे वाचून आजींचाच पक्ष खरा वाटू लागतो. ज्यावर माया केली त्यास कात्री कशी लावावी?

परंतु आपल्या गावाबाहेर पाऊल टाकले, मार्कंडेय नदीच्या काठाने शेतांतून चालत गेलो, की दुसरा पक्षही तितक्याच आवेशाने उभा राहतो. शेतकरी कापल्यावाचून, खुडल्यावाचून शेती करूच शकत नाही. रताळ्याचा वेल तोडून त्याचे तुकडे मातीत लावावे, तेव्हा नवे पीक उभे राहते. भाताचे रोप एका वाफ्यातून उपटून दुसऱ्या चिखलात रोवावे, तेव्हा त्यास नीट फुटवे येतात. ह्या सर्वांस पापी ठरविले, तर आपल्या ताटात काही उरणार नाही.

ह्या दोन पक्षांचा मेळ कसा घालावा? आम्हांस दोन उदाहरणे आठवली. दोन्ही ह्याच मुलुखातील आहेत.

निपाणीकडील रानांत विडीच्या तंबाखूचे पीक घेतात. झाडास फुलाचा तुरा येऊ लागला की शेंडा खुडून टाकतात, आणि मग पानांच्या बेचक्यांतून फुटणारे फुटवेही काढीत राहतात. झाडाचे सारे बळ पानांत उतरावे आणि पान जाड, कडक व्हावे, हा हेतू. आता तुळशीकडे पाहा. वृंदावनातील तुळशीस मंजिऱ्या आल्या की घरातील बाई त्या खुडते. मंजिरी खुडल्याने तुळस पुन्हा फुटते, पानांनी भरते. सगळे बी धरू दिले तर ती निबर होऊन लवकर वाळते. दोन्हीकडे कृती एकच आहे: फुलोरा खुडणे. परंतु एकीकडे ती आपल्या लाभासाठी आहे आणि दुसरीकडे, निदान बहुतांशी, झाडाच्या आयुष्यासाठी आहे.

तंबाखूवाल्या शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाही. त्याचे पोट त्यावर आहे, आणि आपण झाडाचे भले करीत आहो असे तो कधी म्हणतही नाही. त्याच्या कृतीत निदान खोटेपणा नाही. दोष उत्पन्न होतो तो निराळ्याच ठिकाणी. आपल्या सोयीसाठी कापावे आणि ‘तुझ्याच भल्यासाठी’ असे म्हणावे, हा एक दोष. आपल्या मनास यातना होतात म्हणून कापणे टाळावे आणि त्यास ‘माया’ म्हणावे, हा दुसरा. दोन्हीकडे आपण पाहतो ते स्वतःकडेच, झाडाकडे नव्हे. म्हणून कात्री वाईट की चांगली, हा प्रश्न आम्हांस अपुरा वाटतो. ती कोणासाठी चालते, आणि कोणासाठी थांबते, हे विचारले पाहिजे.

घरातील कुंडीच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. रानातील फोडशीस पाऊस पाणी देतो, माती हवे तेवढे राखते, ऊन-सावली ऋतुमानाप्रमाणे येते. आपण एखादे झाड घरात आणतो, तेव्हा त्याचे आभाळ काढून घेतो. त्या दिवसापासून त्याचा पाऊस आपण, त्याचे ऊन आपण, त्याची जमीनही आपणच. जे आपल्यावाचून जगू शकत नाही त्याच्याविषयी आपली जबाबदारी रानातील झाडापेक्षा मोठी असते. मग ते झाड असो, गोठ्यातील गाय असो, की घरातील अंथरुणास खिळलेला वृद्ध असो.

आणि येथे आम्ही आमचा एक अपराध कबूल करतो. आमच्या घरचे पहिले झाड आम्ही मायेनेच मारले. रोज सकाळी स्नान उरकले की त्यास तांब्याभर पाणी घालायचे, असा नेमच केला होता. आषाढ-श्रावणात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की वाळत घातलेले कपडेही वाळत नाहीत. तरीही आमचा नेम चालूच. झाडाची पाने पिवळी पडू लागली तेव्हा तहान लागली असेल असे वाटून आम्ही पाणी वाढविले. शेवटी कुंडी उलटी केली तेव्हा मुळ्या कुजून त्यांचा चिखल झालेला दिसला. ह्या झाडाच्या मुळ्या जाड, पांढऱ्या, मांसल असतात आणि त्यांतच ते पाण्याचा साठा करून ठेवते. त्यास पाण्यापेक्षा दोन पाण्यांमधील अवकाशाची गरज अधिक. वरची माती बोटभर कोरडी झाल्यावाचून पाणी घालू नये आणि कुंडीच्या तळाशी भोक असावे, एवढे जरी आम्ही जाणले असते तरी ते जगले असते. आमचा नेम आमच्या समाधानाचा होता. झाडाच्या तहानेचा नव्हता.

दुसरी गोष्ट पानांच्या करपलेल्या टोकांची. ह्या झाडाच्या पानांची टोके पुष्कळदा तपकिरी होतात. ती कात्रीने कापता येतात. स्वच्छ, धारदार कात्री घ्यावी, पानाच्या मूळ आकाराप्रमाणे तिरकी कापावी, आणि हिरव्या भागास जखम होऊ नये म्हणून करपलेल्या भागाची एक बारीक कड राहू द्यावी. परंतु ह्या कापण्याने रोग जात नाही. केवळ तो दिसेनासा होतो. टोके करपतात ती बहुधा आपल्याच चुकीने: पाण्यातील क्षारांमुळे वा फ्लोराइडमुळे, खत अधिक झाल्यामुळे, कडक उन्हामुळे, किंवा हवा फार कोरडी झाल्यामुळे. आपल्याकडे आभाळ चार महिने मुक्तहस्ते पाणी देते. त्या पागोळ्यांचे थोडे पाणी साठवून ह्या कुंड्यांना घातले तर त्याहून सोपा उपाय नाही. कात्री लावण्यापूर्वी पाण्याचा तांब्या तपासावा. घरातील मुलाच्या वागण्यातील करपलेले टोक तेवढे कापावयास धावणाऱ्या वडीलमाणसांनी हे ध्यानात धरावे, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.

कापलेल्या पानास पुन्हा नवे टोक येत नाही, हेही सांगितले पाहिजे. ह्या जातीचे पान बुडाकडून वाढते. जे टोक गेले ते गेले. मात्र बुडाशी पूर्ण वाळलेले पान तेथूनच काढून टाकले तर मधून येणाऱ्या नव्या पानांस वाव होतो. मेलेले काढावे, जिवंतास राखावे, आणि अर्धमेल्याच्या बाबतीत आधी आपले वागणे तपासावे. येथवर कोणाचे दुमत होऊ नये.

एक विचार मध्येच येतो तो असा की, हे झाड आपण ठेवतो तरी कशासाठी? पुष्कळ लोक सांगतात की ते घरातील हवा शुद्ध करते. ह्या समजुतीचे मूळ अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने केलेल्या प्रयोगांत आहे. १९८९ सालचा त्यांचा अहवाल प्रसिद्ध आहे. परंतु ते प्रयोग लहान बंद पेटीत केलेले होते. अशा अनेक प्रयोगांचा आढावा २०१९ साली घेण्यात आला. त्यात असे दिसले की दारे-खिडक्या असलेल्या खऱ्याखुऱ्या घरात दोन-चार कुंड्यांनी हवेत लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. हे वाचून कोणास कुंडी टाकून द्यावीशी वाटली, तर त्याची माया व्यापाराची होती असेच म्हणावे लागेल. उपयोग संपल्यावरही जे पाणी घातले जाते तेच खरे.

आता राहिला तो दोर, ज्यावरून मुळात प्रश्न निघाला. दिवस लहान आणि रात्री मोठ्या होऊ लागल्या म्हणजे हे झाड विशेषेकरून असे दोर सोडते. त्यावर बारीक पांढरी फुले येतात आणि मग टोकाशी पिल्ले धरतात. पिल्लाचे सारे पोषण त्या दोरातून, आईकडून, चालते. दोर न कापल्याने झाड मरत नाही. पिल्ले वर्षभर लोंबत राहिली तरी चालते; दिसतातही सुंदर. मग कापावे कशाला?

पिल्लाच्या बुडाशी नीट पाहिले तर तेथे लहान लहान गाठींसारखी मुळे फुटू पाहत असतात. ती हवेत लोंबत असतात. त्यांस माती मिळत नाही. आईच्या दोराला लोंबून ते जगते खरे, पण ते झाड होत नाही. अनुभवी लोक ह्यावर एक सुरेख तोड सांगतात. मोठ्या कुंडीशेजारी एक लहान कुंडी मातीने भरून ठेवावी आणि दोर तसाच ठेवून पिल्लू तिच्यात टेकवावे. काही आठवड्यांत ते मूळ धरते. हलके ओढून पाहावे. ते मातीस धरून राहिले, मधून नवे पान निघू लागले, की मग दोर कापावा. मूळ धरण्यापूर्वी कापणे ही घाई होय, आणि मूळ धरल्यावरही न कापणे हा मोह होय. ह्या दोहोंमधील काळ ओळखणे ह्यालाच आम्ही माया म्हणू.

येथे आम्हांस शाकुंतलाचे पुन्हा स्मरण होते. ज्या चौथ्या अंकात पालवीही न तोडणारी शकुंतला भेटते, त्याच अंकात कण्व तिला आश्रमातून निरोप देतात. सर्वसंगपरित्याग केलेल्या त्या ऋषीचाही कंठ दाटून येतो, पण ते निरोप देणे पुढे ढकलीत नाहीत. आणि ती गेल्यावर, कोणाची ठेव परत केल्यावर वाटावे तसे त्यांस हलके वाटते. कालिदासाने तो भाव कन्येपुरता सांगितला, आणि कन्या म्हणजे परक्याचे धन ही त्या काळची समजूत आज आम्हांस पटत नाही. परंतु ठेव हा विचार मात्र सोडवत नाही. मुलगा काय, मुलगी काय, ती कोणाच्याच मालकीची नसतात. काही काळ आपल्या हाती सोपविलेली असतात. १७९१ साली ज्याने ह्या नाटकाची मुक्तकंठाने स्तुती केली तो जर्मन महाकवी गटे आपल्या घरी पानफुटीचे झाड बाळगीत असे आणि त्याची पाने व पिल्ले स्नेह्यासोबत्यांस देत असे. जे आपल्याजवळ वाढले ते दुसऱ्याच्या अंगणी पाठवावे, ह्यातील आनंद त्याने ओळखला होता.

आजींच्या प्रश्नामागे काय होते ते आम्हांस पुढे कळले. ती कुंडी त्यांच्या नातवाने, शाळेत असताना, बेळगावाहून आणलेली. त्याच नातवास पुण्यास नोकरी लागली होती आणि देवदिवाळी झाली की तो जाणार होता. जाताना एक पिल्लू बरोबर न्यावे, अशी त्याचीच इच्छा होती. नातीने कात्री आणली होती ती त्यासाठी. आजी त्या दोराविषयी बोलत होत्या, आणि आम्ही मात्र झाडाचा शास्त्रार्थ करीत होतो. प्रश्न नीट ऐकून घेण्यापूर्वीच उत्तर देण्याची घाई आम्ही केली, ह्याची खंत वाटते.

पुढे आजींनी दोन दोर कापू दिले. एक पिल्लू पुण्यास गेले आणि तेथे एका खिडकीत रुजले असे कळते. दुसऱ्याला पुरते मूळ फुटले नव्हते. ते शेजारच्या घरी गेले आणि पंधरा दिवसांत वाळले. आजींना वाईट वाटले. आम्हांसही वाटले. काळ ओळखण्यात चूक होते. ती होणारच नाही असे वचन कोणी देऊ शकत नाही. परंतु एक पिल्लू वाळले म्हणून उरलेल्यांना कायमचे टांगून ठेवावे, असे आजींनी ठरविले नाही, हे आम्ही विशेष मानतो. आता त्यांच्या सोप्यात मोठ्या कुंडीभोवती चार लहान कुंड्या मांडलेल्या आहेत आणि चारी पिल्लांचे दोर अद्याप शाबूत आहेत. त्या रोज बोट लावून माती पाहतात.

शेवटी एक शब्द आमच्या स्वतःविषयी. आम्ही ह्या मंडळाचे काम बरीच वर्षे पाहत आलो आहो. उत्सवाची आखणी, वर्गणीचा हिशेब, पालखीची व्यवस्था, सर्व काही आम्हां वडीलधाऱ्यांच्याच हातून व्हावे, असा आमचा परिपाठ. तरुण मंडळी हाताशी आहेत, पण दोराला लोंबून. पोषण आमच्याकडून, आज्ञाही आमच्याकडून. ‘अजून त्यांना जमणार नाही’ असे आम्ही प्रत्येक वर्षी म्हणतो. त्यांच्या मुळ्यांना आम्ही माती कधी दिली, हे मात्र स्वतःस विचारीत नाही. आजींच्या प्रश्नाने आम्हांस ते विचारावयास लावले. येत्या उत्सवाचा एखादा तरी विभाग सर्वस्वी त्यांच्या स्वाधीन करावा, शेजारी उभे राहावे, विचारल्यास सांगावे, आणि त्यांनी मूळ धरले असे दिसताच बाजूस व्हावे, असे आम्ही मंडळापुढे मांडणार आहो.

आजींना त्या सायंकाळी जे उत्तर द्यावयाचे राहून गेले ते आता देतो. आजी, वाढत्या जिवाला कात्री लावणे हे पाप नव्हे आणि पुण्यही नव्हे. आधी माती द्यावी, मुळे धरेपर्यंत धीर धरावा, आणि मग आपला हात थरथरला तरी दोर कापावा. कापल्यावर पाणी घालणे मात्र थांबवू नये. कारण दोर तुटतो तो पोषणाचा, जिव्हाळ्याचा नव्हे.